कार्डावरचं बीपी

नववा विद्यार्थी आत आला तेव्हा बाईंचं डोकं दोन दिवसांपासून दुखत होतं. कागदावर तसं लिहिलेलंच होतं.

जोखमीच्या गरोदरपणाचे तज्ज्ञ होऊ घातलेल्या डॉक्टरांची ही शेवटची परीक्षा. खोलीत एक पलंग, एक खुर्ची, खुर्चीत गुणतक्ता घेऊन बसलेल्या मॅडम आणि पलंगावर बाई. परीक्षेला खरी पेशंट चालत नाही. ती मध्येच रडते, नाहीतर मध्येच बाळंत होते. म्हणून दर सहा महिन्यांनी बाईंना बोलावणं जायचं. बाई फोमचं पोट बांधून गरोदर बाईची भूमिका करायच्या. गेल्या खेपेला त्यांना मधुमेह होता, त्याआधी जुळं. या खेपेला आठवा महिना आणि चढलेलं बीपी.

विचारलं तरच सांगायचं, आपणहून तोंड उघडायचं नाही, अशी त्यांना पहिल्या दिवसापासूनची ताकीद होती. एरवीही बाईंना कोणी फारसं काही विचारत नसे, त्यामुळे नियम अंगवळणी पडायला वेळ लागला नाही. आज मात्र सकाळपासून आठ जणांनी त्यांना झोप नीट लागते का, असं विचारलं होतं. बाईंनी प्रत्येकाला सविस्तर सांगितलं. आठव्याला तर थोडं जास्तच.

नवव्याला सगळे डुलकी म्हणत. तो कुठेही बसल्या बसल्या झोपायचा. दोनदा नापास झाला होता आणि चौथी संधी कोणालाच मिळत नसे. आज आपटला, तर सहा वर्षांचं शिक्षण पाण्यात. हे त्याला ठाऊक होतं, मॅडमना ठाऊक होतं, आणि बाहेर बाकावर रांगेत बसलेल्या मंडळींनी त्याची त्याला पुन्हा एकदा आठवण करून देऊन आत पाठवलं होतं.

त्याने नमस्कार केला, हात धुतले आणि घरी कोण कोण असतं ते विचारलं. कागदाप्रमाणे नवरा, सासू आणि एक तापट दीर असायला हवे होते. बाई म्हणाल्या, कोणी नसतं. मॅडमनी सुस्कारा सोडला. सकाळपासून बाई हे उत्तर चुकत होत्या. वय झालं की पाठांतर राहत नाही, अशी मॅडमनी मनाशी समजूत घातली, जरी बाई त्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान होत्या.

डुलकीने बाळाच्या वडिलांबद्दल विचारलं. बाईंनी भिंतीकडे बघितलं.

"होते," त्या म्हणाल्या.

पुढचं सगळं सुरळीत झालं. डोकं दुखतं, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, पाय सुजलेत. डुलकीने सगळं विचारलं, मॅडमनी सगळ्यावर टिक केली. घोडं अडलं ते बीपीपाशी.

बीपीचा पट्टा दंडाला नुसता गुंडाळायचा आणि मॅडमकडे बघायचं, की मॅडम कार्ड दाखवतात, अशी तिथली रीत. वरचं एकशे साठ, खालचं एकशे दहा. धडधाकट बाईचं खरं बीपी मोजून करायचंय काय? आठही जणांनी कार्ड वाचलं आणि पुढे सरकले. डुलकी मात्र पट्ट्यात हवा भरत बसला. एकदा मोजलं, थांबला, पुन्हा मोजलं.

"वरचं एकशे नव्वद, खालचं एकशे वीस," तो म्हणाला.

मॅडमनी कार्ड त्याच्या नाकासमोर धरलं. "हे वाचा."

"वाचलं, मॅडम. ते चुकलंय."

"कार्ड चुकत नाही. छापलेलं आहे ते."

मग डुलकीने त्याहून मोठा घोळ घातला. पोट तपासायच्या वेळी 'आता मी पोट तपासेन' एवढंच म्हणायचं असतं. त्याने खरोखर पोटावर हात ठेवला आणि तसाच ठेवून राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, बाळ हललं. परीक्षक म्हणून बावीस वर्षांच्या नोकरीत फोम हलल्याचं मॅडम पहिल्यांदाच ऐकत होत्या. भीतीने माणसाचं काय काय होतं, हे त्यांनी त्याला शांतपणे समजावलं आणि पेशंटचं पुढे काय करणार ते विचारलं.

आत्ताच्या आत्ता भरती करणार, असं तो म्हणाला. तसं आधीच्या आठ जणांनीही म्हटलं होतं, आणि तेच बरोबर उत्तर होतं. पण त्यांच्यातला एकही जण उठून स्ट्रेचर आणायला गेला नव्हता. डुलकी गेला. जाताना बाईंना सांगून गेला, एकटीने घरी जाऊ नका, मी आलोच.

स्ट्रेचर आलं तोवर घंटा वाजली होती. मॅडमनी वॉर्डबॉयची माफी मागून ते परत पाठवलं. डुलकीच्या तक्त्यावर त्यांनी 'वास्तवाचं भान नाही' असा शेरा लिहिला आणि खाली सही केली. तो काहीतरी सांगायला बघत होता, पण बाहेरच्या बाकावरच्या दोघांनी त्याला धरून जिन्यापर्यंत पोचवलं.

पुढचे तीन विद्यार्थी कार्ड वाचून पास झाले.

बाई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. "तो डॉक्टर म्हणाला, एकटीने जाऊ नका."

"तो नापास झाला," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही बिनधास्त जा. काम मात्र आज फार छान केलंत."

बाईंनी मान डोलावली. सुजलेल्या पायांत चप्पल शिरेना, तेव्हा ती हातात घेऊन त्या भिंतीच्या आधाराने बाहेर पडल्या. काम संपल्यावरही भूमिका सोडवत नाही, याला म्हणतात कलाकार, असं मॅडमच्या मनात आलं. खिडकीतून त्यांना बाई रस्ता ओलांडताना दिसल्या, आणि मग बसथांब्याच्या खांबाला टेकलेल्या. बस आली. बाई चढल्या. बस गेली.

मॅडम तक्ते आवरत होत्या तेवढ्यात भांडारातले काका धापा टाकत आत आले. त्यांच्या काखेत फोमचं पोट होतं.

"माफ करा मॅडम, सकाळी हे द्यायचंच राहिलं. परीक्षा अडली नाही ना?"