गळ्यातली पाटी

मोम्बासात माझ्या नातीच्या इंग्रजी शाळेत आलेले नवे गोरे मुख्याध्यापक रोज संध्याकाळी माझ्याकडे स्वाहिली शिकायला येतात. थोरामोठ्यांना भेटताच आदराने ‘शिकामू’ म्हणायचं आणि आजीला ‘बीबी’, हे मीच त्यांच्याकडून घोकून घेतलं.

आज झुहूरा रडतच घरी आली. गळ्यात ‘मी गाढव’ लिहिलेली लाकडी पाटी.

“काय केलंस गं?”

“मोठ्या सरांना शिकामू म्हटलं, बीबी. शाळेत स्वाहिली बोललं म्हणून त्यांनीच घातली.”

“आणि हे जोखड उतरणार कधी?”

“दुसरं कुणी स्वाहिली बोललं, की त्याच्या गळ्यात घालायची.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात साहेब दारात हजर, तोंडभर हसत.

“शिकामू, बीबी!”



“अगदी बिनचूक!” मी झुहूराच्या गळ्यातली पाटी काढली. “आता मान खाली घाला, साहेब.”