पोटातला फेस

"कुणी बघितलं हे पोट? डोळे मिटून बघितलं काय?" कुसुमताईंनी फाइल टेबलावर आपटली.

चिंचवडच्या त्या हॉस्पिटलात, पोटात दुर्बीण घालून तपासतात त्या खोलीबाहेर बसलेली सात-आठ माणसं दचकली. कुसुमताई तिथल्या सगळ्यात जुन्या सिस्टर. बावीस वर्षांची नोकरी, आणि तोंड असं की मोठे डॉक्टरसुद्धा शक्यतो त्यांच्या वाटेला जात नसत. समोर समाधान बसला होता. महाळुंग्याच्या एका कंपनीत प्रेसवर काम करणारा, चाळिशीच्या आतला गडी, पण अंगावर शर्ट नुसता लोंबत होता. शेजारी त्याची बायको विजयश्री, मांडीवर कागदांची पिशवी घट्ट धरून.

वर्षभरात अकरा किलो उतरला होता तो. मागल्या साली इथंच दुर्बीण घातली, रिपोर्ट 'नॉर्मल' आला, म्हणून ॲसिडिटीच्या गोळ्या चालू राहिल्या. जेवण कमी होत गेलं, गोळ्या वाढत गेल्या. परवा शौचाला काळं झालं, तेव्हा गोळ्या देणाऱ्या डॉक्टरनं परत इकडं धाडलं.

त्या नॉर्मल रिपोर्टवर चार फोटो होते. चारही फोटोंत पांढरा फेस, धुण्याच्या बादलीत असतो तसा. त्या फेसाखाली पोट कुठं होतं, ते देवालाच ठाऊक.

"हे बघा बाई," कुसुमताई विजयश्रीला म्हणाल्या, "दुर्बीण घालायच्या आधी वीस मिनिटं एक औषध पाजायचं असतं. कपभरच. त्यानं फेस मोडतो, चिकटा सुटतो, आतलं सगळं स्वच्छ दिसतं. यांना ते पाजलेलंच नाही. आणि वर नॉर्मल लिहून मोकळे झालेत."

"मंग दिसलंच न्हाई, तर नॉर्मल कशावरून लिव्हलं?"

"तेच विचारणार आहे मी. आज एकेकाला सोडत नाही."

तेवढ्यात जयदीप दारातून डोकावला. पेशंटचे नंबर लावायचं काम त्याचं. "ताई, घ्या ना आत. सगळी कंपनीची माणसं आहेत, दुपारच्या शिफ्टला पोचायचंय त्यांना. प्रत्येकाला वीस-वीस मिनिटं थांबलो तर झालंच."

"पोट आहे ते, जयदीप. गाडीचं बॉनेट नाही, उघडलं की दिसायला. निघ."

तो निघाला. कुसुमताईंचं डोकं भणभणत होतं. असल्या घाईपायी एका माणसाचं अख्खं वर्ष मातीत घातलं, आणि घालणारा आता कुठंतरी आरामात चहा पीत असेल. कोण होतं त्या दिवशी ड्यूटीला? मेडिक्लेमसाठी विजयश्रीनं कागदन् कागद झेरॉक्स करून याच फाइलीत लावला होता. कुसुमताई एकेक पान उलटत गेल्या. दुर्बिणीआधीच्या तपासणीचा कागद सापडला. 'औषध पाजले' या रकान्यात बरोबरची खूण होती. खाली लांब शेपटीचा 'कु'.

तो त्यांचाच होता.

कधी केली असेल ती खूण, हे आठवायची गरज नव्हती. सकाळी आलं की दिवसभराच्या सगळ्या कागदांवर त्या एका दमात खुणा करून टाकत. पुढं धावपळीत कोण लिहीत बसणार? सगळ्याच सिस्टर तसं करत. आजचे सोळा कागदही खुणा करून ट्रेमध्ये पडले होते, वरचाच समाधानचा. आणि औषधाच्या बाटलीचं सील अजून फोडलेलं नव्हतं.

तळपायाची आग मस्तकात गेली होती खरी, पण आता ती काढायची कुणावर? फाइल मिटली असती तर कुणाला काही कळलं नसतं. कुसुमताईंनी ती मिटलीही. मग परत उघडली.

"बाई, ही खूण माझी आहे," त्या म्हणाल्या. "पाजलं म्हणून मीच लिहिलंय. न पाजताच."

विजयश्रीनं तो कागद हातात घेतला.

"वरीस गेलं ओ माझ्या माणसाचं," ती म्हणाली. आवाज चढला नाही तिचा. "रातच्याला पोट धरून बसायचे, तर मीच म्हणायचे, नॉर्मल हाय, उगा मनाला लावून घेऊ नका. भांडलेय मी ह्यांच्याशी."

कुसुमताईंनी सील फोडलं, औषध पाण्यात कालवलं. कप पुढं केला, तर विजयश्रीनं तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

"अगं, सिस्टर देतायत ना," समाधान पुटपुटला.

"तुमी प्या गुमान."

शेवटचा घोट उतरेपर्यंत ती त्याच्या गळ्याकडं बघत राहिली. मग मोबाइलमध्ये वेळ बघितली आणि खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली.

सहा मिनिटांनी जयदीप पुन्हा आला. "समाधान कोण? चला, आत चला."

"जयदीप, तुला एकदा सांगितलं तर—" कुसुमताई उसळल्या.

"तुमी बोलू नका, सिस्टर," विजयश्री म्हणाली. दारातून ती हलली नाही. "अजून चौदा मिनटं हायेत."