घरघंटीचा प्लग

गाडीच्या बॅटरीत चार टक्के उरले तेव्हा आमच्या ह्यांना नऊ वर्षांनी थोरल्या भावाचं घर आठवलं. पुतण्याच्या लग्नपत्रिकेत ह्यांचं नाव छापायचं राहिलं, तेव्हापासून बोलणं बंद. पण त्या रस्त्याला दुसरीकडे कुठे चार्जिंग नव्हतं.

जाऊबाईंनी घरघंटीची पिन काढून आमच्या गाडीची वायर लावली आणि चहा टाकला. कपबशी हातात येताच हे सुरू झाले. "सरपंचाच्या मेव्हण्याचं नाव होतं, माझं नव्हतं!" आणि ताडकन उठले. "चल गं, निघू."

"सात टक्के," मी मोबाइल बघून म्हणाले. सांगलीला पोचायला तीस तरी लागणार होते. हे बसले.

जेवताना भाऊजी म्हणाले, "अरे, प्रेसवाल्यानं घोळ घातला."

"मग नऊ वर्षांत एक फोन करता आला नाही?" हे पुन्हा उठले.

"एकोणीस."

हे बसले. भाजीही वाढून घेतली.

जेवणं, आवराआवर झाल्यावर भाऊजी आत गेले आणि उरलेल्या पत्रिकांचा गठ्ठा घेऊन आले. प्रत्येकीवर ह्यांचं नाव त्यांनी निळ्या शाईनं, स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. ह्यांनी गठ्ठा शेवटपर्यंत चाळला. मग म्हणाले, "गाडी बघून येतो."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला दिसलं. ह्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि चार्जिंगचं बटण बंद केलं.

आत येऊन कपाळाला हात लावला. "अजून एकोणतीसच! भिकार गाडी! वहिनी, रात्री पिठलं कराल?"