चादरीच्या घडीची गोष्ट

तिसऱ्या मिनिटाला पहिलं मूल झोपलं आणि वहिनीच्या जिवात जीव आला.

फोन बिस्किटांच्या डब्याला टेकून उभा होता. पडद्यावर एकेचाळीस घरं, प्रत्येक घरात एक न झोपणारं मूल आणि त्याला धरून बसलेलं एक दमलेलं माणूस. वहिनी त्यांना गोष्ट सांगत होती. गोष्टीत एक बाई चादरीची घडी घालते. बस्स, एवढंच. आधी हे टोक, मग ते टोक, मग मधली सुरकुती. पण आवाज असा लोण्यासारखा, की सुरकुती मोडेपर्यंत ऐकणाऱ्याच्या पापण्या मिटायच्या. धंद्याचं भांडवल म्हणाल तर हा आवाज, नणंदेचा जुना लॅपटॉप आणि शेजाऱ्यांनी मोठ्या मनाने दिलेला वायफायचा पासवर्ड.

आजची बैठक फुकट होती. आवडेल त्याने महिन्यासाठी नाव नोंदवायचं. दहा नावं आली, की वहिनी ऑफिसातल्या साहेबांना फोन करून त्यांनी देऊ केलेल्या नोकरीला नाही म्हणणार होती. नाही आली, तर सोमवारपासून ती ऑफिसात आणि मांडीवरची दोन वर्षांची पोरगी पाळणाघरात, कारण एकाच्या पगारात घर भागत नव्हतं. पाळणाघर पोरीने एकदाच पाहिलं होतं. तेव्हापासून आई न्हाणीघरात गेली तरी ती दाराबाहेर ठाण मांडून बसायची. साहेबांना काय ते चारच्या आत कळवायचं होतं. नाहीतर जागा दुसऱ्याला.

“पैशाचं आधी काढायचं नाही हं वहिनी,” नणंदेने बजावलं होतं. ती या धंद्याची अर्धी मालकीण. “आधी माल दाखवायचा. नोंदणीचं बटण मी शेवटच्या पाच मिनिटांत टाकते. मोठमोठे लोक असंच करतात.”

विसाव्या मिनिटाला एकेचाळीसच्या एकेचाळीस मुलं झोपली. नणंदेने क्षणभर बैठकीचा आवाज बंद केला.

“वहिनी, आपण श्रीमंत होणार.”

“हळू बोल. ही अजून जागी आहे.”

“हिचं काय, ही घरचीच आहे. घरच्यांवर कुठे परिणाम होतो?” असं म्हणून नणंदेने एवढी मोठी जांभई दिली की वहिनीला तिची अक्कलदाढ दिसली.

मग मोठी माणसं पडायला लागली. आधी वरच्या कोपऱ्यातला एक बाप, चष्मा पुसता पुसता. मग जुळ्यांची आजी. मग ओळीने सात आया, वाऱ्याने कणसं झुकावीत तशा. खोटं कशाला सांगू, अठराव्या घरातली मांजर खिडकीतून खाली पडली आणि पडली तिथेच झोपली. वहिनीच्या दारात पार्सल घेऊन आलेला माणूस घंटीवर बोट ठेवून उभ्या उभ्या घोरत होता. घंटी वाजत मात्र नव्हती, कारण ती दाबण्याइतकी ताकद बोटात उरली नव्हती.

वहिनीने नणंदेकडे पाहिलं. नणंद लॅपटॉपवर गाल टेकून झोपली होती. गालाखाली कुठलंतरी अक्षर दाबलं जात होतं आणि एकेचाळीस घरांना मममममम असा लांबलचक निरोप चालला होता. वाचायला कोणी नव्हतं.

वहिनीने तिला पायाने ढोसलं. “अगं, बटण.”

“टाकते,” म्हणून नणंदेने लॅपटॉपला मिठी मारली.

सहा मिनिटं उरली होती. वहिनीने आवाज चढवला. “ताई, दादा, जरा इकडे लक्ष द्या.” अकराव्या घरातल्या बाळाचा ओठ थरथरला. त्याच्या आईने सुरुवातीलाच लिहून कळवलं होतं, तीन दिवस डोळ्याला डोळा नाही म्हणून. ती आता तोंड उघडं टाकून झोपली होती. बाळाने एक मूठ वर उचलली. वहिनीचा आवाज आपोआप खाली आला. तिने चादर पुन्हा उलगडली आणि पहिल्यापासून घडी घालायला घेतली. बाळाची मूठ खाली गेली.

चाळीस मिनिटं भरली. ॲपची फुकटची सोय तेवढीच होती. एकेचाळीस घरं एकदम विझली. नावं शून्य.

चाराला पाच मिनिटं होती. तिने साहेबांना फोन लावला.

“बोला. सोमवारी येताय ना?” साहेबांनी विचारलं. “मला वर कळवायचंय.”

“साहेब, उद्यापर्यंत थांबाल का? आज सगळ्यांचा डोळा लागला हो. उद्या मी बटण आधीच टाकते.”

तिला हे ठामपणे सांगायचं होतं. पण चाळीस मिनिटांत आवाजाला पडलेलं वळण काही केल्या जाईना. आधी ती पोरीचं सांगायला गेली, मग पाळणाघराचं, मग घराचं, आणि प्रत्येक वाक्य टोकाला टोक जुळवत मऊ होत गेलं.

“हं,” साहेब म्हणाले.

“म्हणजे येणारच नाही असं नाही साहेब. पण एक दिवस मिळाला तर.”

“हं... बोला... हं...”

खुर्ची करकरली. कसलीतरी फाइल जमिनीवर पडल्याचा आवाज आला.

“साहेब, ऐकताय ना?”

पलीकडे घोरणं संथ लयीत लागलं होतं. भिंतीवर चार वाजले. मांडीवरची पोरगी टक्क जागी होती. आईच्या ओठांकडे बघत ती म्हणाली, “हो.”