पलीकडच्यांनी दिलेलं नाव

"अहो, गॅसचा वास येतोय का?" कुसुमताईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"रोज विचारतेस," नरहरराव म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही. 'जर्मानिक' या शब्दावरची कोशातली नोंद शेवटच्या वाक्याशी अडली होती. त्यांची जुनी विद्यार्थिनी अपर्णा ती न्यायला येणार होती. ही एक नोंद छापून आली की तारनाक्याच्या कॉलेजात बत्तीस वर्षं इतिहास शिकवल्याचं सार्थक होईल, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

"पण त्या शब्दाचा अर्थ काय?" चहा घेऊन बाहेर येत कुसुमताईंनी विचारलं.

"तिथंच तर घोडं अडलंय. ऱ्हाईन नदीपलीकडच्या टोळ्यांना ते नाव बहुधा गॉल लोकांनी दिलं, रोमनांनी लिहून ठेवलं. कोणी म्हणतं, अर्थ 'शेजारी'. कोणी म्हणतं, 'आरडाओरडा करणारे'. खात्री कुणालाच नाही."

"आणि ते स्वतःला काय म्हणत?"

"आपापल्या टोळीचं नाव सांगत. साधं, घरातलं."

"आपले शेजारी तर दारसुद्धा उघडत नाहीत," कुसुमताई म्हणाल्या. दोघांचे चहाचे कप तसेच भरलेले होते.

नरहररावांनाही त्याचं वाईट वाटे. समोरच्या सत्यवतीने राहायला येताच दारावर कोहळा टांगला. दृष्ट लागू नये म्हणून टांगतात, ते ठीक. पण यांनी हाक मारली की लेकीला आत ओढून कडी लावायची, ही काय रीत झाली? बेल दाबावी तर तीही मेली वाजत नसे.

जिन्यात पावलं वाजली. अपर्णाच! नरहरराव लगबगीने दाराशी गेले.

"इधर कायकू आये, मॅडम?" बाहेर सत्यवती हळू आवाजात विचारत होती.

"सर का लिखा हुआ कागज लेने. उनके बेटे ने चाबी दी है."

"अंदर नक्को जाओ. बुड्ढा-बुड्ढी गॅस से गए ना, तब से रोज दोपहर को पुकारते. भूतां हैं उस घर में."

"अपर्णा, अगं ये ना!" नरहररावांनी घाईघाईने हाक मारली.

किल्ली फरशीवर पडली. पावलं धडधडत जिना उतरून गेली. समोरची कडी लागली.

नरहरराव दारापासून मागे वळले. मग टेबलाशी येऊन त्यांनी नोंदीचं शेवटचं वाक्य लिहिलं: 'त्या लोकांनी स्वतःला हे नाव कधीच दिलं नव्हतं.'