पाणी न लावता

"पाणी लावजो नोको," शांतीबाई दारातल्या खुर्चीवरून ओरडली. "पाणी लागलं का मी तोंडात घालणार नाई. आताच सांगून राहिली."

रविताने मान वर केली नाही. ती रताळी चिरत होती. लग्नाला दीड वर्ष झालं, तरी सासूने तिच्या हातचा घास खाल्ला नव्हता की पाण्याचा घोट घेतला नव्हता. नवेगाव बांधच्या तळ्यात मासोळी धरणाऱ्यांची लेक आमगावच्या धानवाल्या घरात सून म्हणून आली, हा राग शांतीबाईने लोणच्यासारखा मुरवत ठेवला होता. तिची चूल वेगळी, पाण्याचा हंडा, तिचा गुंड, वेगळा. मागच्या महिन्यात घसरून पडली आणि उजवा हात प्लास्टरात गेला, तेव्हाही ती सुनेपुढे वाकली नाही. शेजारची नंदाबाई तिला जेवण आणि पाणी पुरवायची. आज शिवरात्र होती. नंदाबाई पहाटेच प्रतापगडच्या जत्रेला गेली आणि शांतीबाई सकाळपासून उपाशी बसली.

तोड लोकेंद्रने काढली. "आईले कोरडं भाजलेलं चालते, पाण्याबिगर विटाळ होत नाई. ओव्हनात रताळे भाजून दे," असं बायकोला सांगून तो राईस मिलवर निघून गेला. आई आणि बायको यांच्यामध्ये उभं राहायची वेळ आली की त्याला नेमकी ड्यूटी आठवायची.

रविताने फोनवरचा व्हिडिओ पाहून लांब कापट्या केल्या. त्यातली पाण्याची पायरी तिने हुकमाप्रमाणे गाळली, नुसतं तेल चोळलं आणि ट्रे आत सरकवला. बाहेर आल्या त्या टोकाला जळलेल्या, मध्ये गिजगोळा. शांतीबाईने डाव्या हाताने एक उचलली. ती मधूनच वाकून लोंबू लागली.

"हे काय होय? गांडूळ होय का?" तिने ताटली ढकलली. कापट्या अंगणात सांडल्या. "मासोळीचे हात हे. ह्या हातानं दुसरं का होईन? काऊन, तोंड शिवलं का तुहं?"

शांतीबाई बेलाची पानं घेऊन तणतणत महादेवाच्या देवळात गेली.

अंगणातल्या कापट्या रविताने गोळा केल्या आणि म्हशीपुढे टाकल्या. तिला रडू आलं नाही, भयंकर संताप आला. त्या संतापातच तिने उरलेली रताळी चिरली, सारख्या जाडीची, एकही वाकडी नाही. मग पातेलंभर गार पाणी घेतलं आणि कापट्या त्यात बुडवल्या. हात कोपरापर्यंत घालून त्या खळबळून धुतल्या आणि अर्धा तास तशाच राहू दिल्या. पाणी पांढुरकं झालं. ते ओतून तिने कापट्या दुपट्ट्यावर पसरल्या, दाबून दाबून ओल टिपली. व्हिडिओतली बाई मक्याचं पीठ लाव म्हणत होती. ते उपासाला चालत नाही, म्हणून रविताने माहेरून आलेलं शिंगाड्याचं पीठ लावलं. तेल चोळलं, एकीला दुसरी लागणार नाही अशा मांडल्या, आणि मीठ घातलं ते भाजून झाल्यावर, तेही उपासाचं सेंधा. महादेवाचा उपास तिने मोडू दिला नाही. मोडला तो फक्त सासूचा हुकूम.

शांतीबाई परतली ती भुकेने कावलेली. समोर ताटली होती. तिने नाक मुरडत एक कापटी तोंडात टाकली. कुर्र असा आवाज झाला. दुसरी टाकली, तिसरी टाकली. बघता बघता ताटली रिकामी झाली.

"आनखी टाक," ती म्हणाली.

दीड वर्षात तिने रवितापाशी पहिल्यांदा काही मागितलं होतं. रविताने वाढलं.

"पाह्यलं?" तोंड भरलेलं असतानाच शांतीबाई म्हणाली. "पाणी नाई लागलं त वस्तू कशी होते! तुह्या हाताचं काही नाई त्याच्यात. मशीनचं होय. आता रोज असंच देत जाजो. कोरडं."

गप्प बसलं तर सगळं निभत होतं. उद्याही ती खाईल, परवाही खाईल. लोकेंद्र खूश होईल, आळीतल्या बायका म्हणतील सासू निवळली. आणि आपले हात मात्र याच घरात जन्मभर विटाळाचे राहतील, हे रविताला लख्ख दिसलं.

"आई, ते पाण्यात भिजवले होते," ती म्हणाली. "अर्धा तास. पाणी मीच भरलं, मीच हात घालून धुतले. म्हणून कुरकुरीत झाले. कोरडे त सकाळचे होते."

शांतीबाईचा जबडा थांबला. मग ती ताडकन उठली.

"बाटवलं मले! शिवरात्रीच्या दिवशी बाटवलं!"

ती मोरीवर धावली. घास थुंकला, डाव्या हाताचं बोट घालून दाढा उकरल्या, पुन्हा थुंकली. तोंड धुवायला आपल्या गुंडात हात घातला तर गुंड कोरडा. तिने कुंपणाकडे तोंड करून नंदाबाईला दोन हाका मारल्या. पलीकडच्या दाराला कुलूप होतं. अंगणातल्या बोअरिंगच्या हातपंपाच्या दांड्याला ती डाव्या हाताने लोंबकळली, पण दांडा हलेना.

हनुवटीवरून लाळ गळत होती. दात शिंगाड्याच्या पिठाने चिकटले होते.

रविताने आपल्या माठातून तांब्या भरला, शांतपणे मोरीपर्यंत गेली आणि सासूच्या तोंडासमोर धरला.

"घ्या आई," ती म्हणाली. "चूळ भरा."