उघडा चेहरा
हॉलीवूडमध्ये वेंडेलने उभी हयात दुसऱ्यांचीच तोंडं मिरवली होती. कधी दरोडेखोर, कधी पाद्री, एकदा चेटकीणसुद्धा. प्रत्येक वेळी त्याला रंगवणारी लोर्ना शेवटच्या सिनेमाला रिकाम्या हातांनी आली. “दिग्दर्शकबाई म्हणतात, काही चिकटवायचं नाही. म्हातारा हवाय, तो तू आहेसच.” वेंडेल आरशापुढे अवघडला. “अगं, निदान मिशी तरी लाव! उघड्या तोंडाने कधी गेलोय मी कॅमेऱ्यासमोर?” “दरोडेखोराच्या मिशीत सूप सांडलं होतंस, आठवतं?” “आणि तू ती माझ्या मोज्यांशेजारी वाळत घातलीस!” दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. बाहेरून हाक आली तरी तो उठेना. “लोकांनी ओळखलंच नाही तर?” “कसे ओळखतील? तुला पाहिलंय कुणी?” त्याची कॉलर सारखी करत लोर्ना म्हणाली, “जा, भेट त्यांना.” वेंडेल उठला आणि कुणाचीही चाल उसनी न घेता दिव्यांकडे निघाला.